अभंग जागा : न दिसणाऱ्या एका अक्षराचा इतिहास

छापलेल्या पानावर सर्वाधिक वेळा येणारे अक्षर कोणते, असे विचारले तर कोणी 'र'चे नाव घेईल, कोणी 'त'चे, कोणी काना पुढे करील. खरे उत्तर डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. लिहिणारा ती सोडतो, वाचणारा ती ओलांडतो आणि दोघेही तिला 'काही नाही' असे समजतात. छापखान्यात मात्र ती कधीच 'काही नाही' नव्हती. तेथे तिला वजन होते, जाडी होती, किंमत होती. संगणकाच्या काळात तिला क्रमांकही मिळाला. किंबहुना एक नव्हे, अनेक मिळाले.

या अनेकींपैकी एकीचा इतिहास सांगण्याचा येथे विचार आहे. इंग्रजीत तिला 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' म्हणतात. दिसायला ती साधी मोकळी जागाच. परंतु माझ्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच ओळीत राहिले पाहिजेत, असा हुकूम तिच्या पोटात दडलेला असतो. आम्ही तिला येथे 'अभंग जागा' म्हणू. संतांच्या रचनाप्रकाराशी तिचे नामसाधर्म्य होते खरे, पण ते आम्हांस गैर वाटत नाही. ज्याचा भंग होऊ नये ते अभंग, हा अर्थ तिला नेमका लागू पडतो.

तिची गरज कोठे पडते हे मराठी वाचकास समजावून सांगण्यास फार लांब जावे लागत नाही. आपल्या साहित्यिकांची अर्धी नावे आद्याक्षरांची. ओळीच्या शेवटी 'पु.' उरावे आणि पुढील ओळ 'ल. देशपांडे' अशी सुरू व्हावी, 'इ. स.' या पानावर राहावे आणि '१८१८' पान उलटल्यावर भेटावे, 'रु.' उजव्या समासाला टेकावा आणि त्याची रक्कम खालच्या ओळीत डाव्या समासाला. यात व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाची नाही, तपशिलाचीही नाही. तरीही वाचणाऱ्याचे पाऊल क्षणभर अडखळते. हे अडखळणे टाळण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या हजार-दीड हजार वर्षांत अनेकदा बदलले आहे. आमच्या मते मोकळ्या जागेचा इतिहास म्हणजे या बदलत्या उत्तरांचाच इतिहास होय.

*

प्रारंभी ही जबाबदारी सर्वस्वी वाचणाऱ्याची होती. प्राचीन ग्रीक व रोमन लेखनात अक्षरांमागून अक्षरे सलग येत. लॅटिन लेखकांनी आरंभी शब्दांमध्ये ठिपका देण्याची रीत पाळली होती, परंतु इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच तीही सोडून दिली. शब्द कोठे संपतो हे ठरवणे वाचकाचे काम, आणि ते काम बहुधा मोठ्याने वाचून होई. चौथ्या शतकात मिलान येथील बिशप अँब्रोज ओठ न हलवता मनात वाचतो, हे सेंट ऑगस्टीनला नोंदवून ठेवावेसे वाटले. पुढे सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील मठवासी लेखनिकांनी लॅटिन ग्रंथांच्या नकला करताना शब्द सुटे करण्यास आरंभ केला. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. परकी भाषा वाचताना शब्दांच्या सीमा कानाला आपोआप कळत नाहीत, म्हणून त्या डोळ्यांना दाखवाव्या लागल्या. पॉल सेंगर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मूकवाचनाचा उगम या मोकळ्या जागांशी जोडला आहे. हा सिद्धान्त सर्वांना मान्य आहे असे नाही. तथापि मोकळी जागा ही वाचकाला दिलेली सवलत आहे, ही त्यातील मूळ जाण नाकारता येत नाही.

आपल्याकडील चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. अशोकाच्या काही लेखांत शब्दसमूहांमध्ये जागा सोडलेल्या आढळतात. पण पुढील पोथ्यांतून अक्षरे सलगच वाहतात आणि दंडाखेरीज विसावा नसतो. संस्कृतात संधीमुळे शब्दांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे जागा सोडू म्हटले तरी ती सोडावी कोठे, हाच प्रश्न पडतो. म्हणून आपल्या परंपरेने हे काम कागदाकडे न देता पाठांतराकडे दिले. ऋग्वेदाचा शाकल्यकृत पदपाठ म्हणजे संहितेतील प्रत्येक पद सुटे करून म्हणण्याची पद्धत. तिच्यातील एक बारकावा आमच्या विषयाशी फार जवळचा आहे. सामासिक शब्दाचे दोन घटक पदपाठात अवग्रहाने किंचित वेगळे दाखवतात, परंतु ते मिळून पद एकच धरतात. 'पुरोहित' या शब्दाचे 'पुरः' आणि 'हित' असे भाग दिसतात, पण पदे दोन होत नाहीत. सुटे आणि जोडलेले यांच्या मधली एक तिसरी अवस्था असते, हे त्या पाठकांनी ओळखले होते. अभंग जागा ही याच तिसऱ्या अवस्थेची छापील बहीण आहे. शब्द वेगळे दिसावेत, पण विलग होऊ नयेत, एवढेच तिचे मागणे.

मोडीची गोष्ट तर मराठी माणसाच्या अधिक परिचयाची. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. शिरोरेघ अखंड, बोरू फारसा न उचलता चाललेला, आणि शब्दांमध्ये जागा नाही. लिहिण्याचा वेग साधला. वाचण्याचा भार वाचणाऱ्यावर पडला. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तो आणि त्यापुढील असे सारे मोडी पत्रव्यवहार बाळबोधीत आणताना संपादकांना प्रत्येक ओळीत कितीतरी जागा आपल्या पदरच्या घालाव्या लागल्या. छापील खंडात त्या जागा मूळच्याच वाटतात. प्रत्यक्षात त्या प्रत्येक जागेमागे संपादकाने लावलेला अर्थ आहे. मोडी कागदाचे बाळबोध पान होणे हे केवळ लिप्यंतर नव्हे. तो पदच्छेद आहे, आणि पदच्छेद म्हणजे अर्थनिर्णय.

*

मुद्रणकला आली आणि मोकळी जागा धातूची झाली. मराठी छापखान्यांत टायपाला 'खिळा' म्हणत आणि खिळे जुळवणाऱ्याला 'जुळारी'. जुळाऱ्याच्या केसमध्ये अक्षरांच्या घरांबरोबर मोकळ्या जागांचीही घरे असत. या जागाही शिशाच्याच, फक्त अक्षरांहून बुटक्या, म्हणजे शाई त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. खिळ्याच्या उंचीइतकाच रुंद असा चौरस तुकडा म्हणजे एम क्वाड. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची जाड स्पेस, चौथ्या हिश्श्याची मध्यम, पाचव्या हिश्श्याची पातळ, आणि त्याहून बारीक केसासारखी. ओळ दोन्ही समासांना टेकवायची तर जुळारी हातातल्या स्टिकमध्ये या तुकड्यांची अदलाबदल करीत बसे. एक शब्द पुढच्या ओळीत ढकलावा की सगळ्या जागा थोड्या थोड्या कमी करून त्याला याच ओळीत सामावून घ्यावे, हा निर्णय त्याला प्रत्येक ओळीला घ्यावा लागे. मुंबईत १८६९ साली सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप आणि त्यांतून छापलेले संस्कृत ग्रंथ आजही नावाजले जातात. त्या पानांची नितळ, समतोल ठेवण केवळ सुबक अक्षरांनी साधत नाही. ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत अशा हातांनी निवडलेल्या अगणित मोकळ्या जागा तिच्यामागे असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या काळात अभंग जागा नावाची वेगळी वस्तू केसमध्ये नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. ओळ कोठे तोडावी हे माणूस ठरवीत होता. आद्याक्षर आणि आडनाव यांची ताटातूट करू नये, आकडा त्याच्या मापापासून तोडू नये, हे शहाणपण जुळाऱ्याच्या बोटांत आणि मुद्रिते तपासणाऱ्याच्या नजरेत राहत होते. लेखकाला त्याचा पत्ताही नसे. हस्तलिखितात 'वि. स. खांडेकर' कसेही लिहिले तरी छापील पानावर ते नीट येई. वाचकाची जबाबदारी अशा रीतीने जुळाऱ्याने आपल्या शिरावर घेतली होती.

यंत्रे आली तरी हा बंदोबस्त तत्काळ मोडला नाही. १८८६ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रात ओटमार मर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र सुरू झाले. त्यात शब्दांमध्ये पाचरीसारखे पट्टे पडत. ओळ भरली की सर्व पाचरी खालून एकदम वर ढकलल्या जात आणि शब्दांमधील साऱ्या जागा सारख्या प्रमाणात रुंदावत. ठरावीक रुंदीची जागा हवी असेल तर तिचा साचा निराळा असे. ताणली जाणारी जागा आणि न ताणली जाणारी जागा, हा भेद येथे यंत्राच्या अंगात उतरला. ओळ कोठे संपवायची हे मात्र अजूनही कळफलकावर बसलेला माणूसच ठरवीत होता.

*

खरा तुटवडा पडला तो नंतर. टंकलेखन यंत्राने सर्व जागा एकाच मापाच्या केल्या आणि लिहिणाऱ्याच्या अंगठ्याखाली एक लांब पट्टी दिली. संगणकाने तीच पट्टी उचलली. १९६३ साली ठरलेल्या आस्की या अमेरिकी संकेतावलीत मोकळ्या जागेला ३२ हा क्रमांक मिळाला, आणि जुळाऱ्याच्या केसमधील सगळ्या तुकड्यांच्या वाट्याला मिळून ही एकच जागा आली. शब्द तोडणारी, आद्याक्षर आणि आडनाव सांधणारी, रकाने भरणारी, सगळ्यांची नोंद ३२ अशीच. अशा अक्षरमालेला आपण 'साधा मजकूर' म्हणू लागलो. हा साधेपणा सोयीचा होता यात शंका नाही. परंतु त्यात जे मावले नाही, ते आपल्या नकळत गळून पडले.

ही गळती ज्यांना जाणवली त्यांत डोनाल्ड क्नूथ हे नाव प्रमुख आहे. संगणन-कलेवरील आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती तप्त धातूच्या जुळणीने छापलेली होती. ही नवी मुद्रिते प्रकाशजुळणीची होती, आणि ती पाहून ते निराश झाले. मग त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली रचण्यास घेतली. तिचे नाव टेक. टेकमध्ये अक्षर म्हणजे पेटी आणि मोकळी जागा म्हणजे डिंक. हा डिंक ताणता येतो, आवळता येतो, आणि ओळ तुटते ती प्रायः त्याच्यापाशीच. आता ओळी तोडण्याचा निर्णय गणिताकडे गेला. क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीत संपूर्ण परिच्छेदाचा एकत्र विचार होतो आणि प्रत्येक तोडीला दोषांक दिला जातो. हजारो पर्यायांतून सर्वांत कमी दोषांचा परिच्छेद यंत्र निवडते. एकेक ओळ हातातल्या स्टिकमध्ये बसवणाऱ्या जुळाऱ्याला इतका लांबचा विचार करणे शक्य नव्हते.

पण यंत्राला एक गोष्ट कळत नव्हती. 'पु.' आणि 'ल.' ही एकाच माणसाची आद्याक्षरे आहेत, हे त्याला कोण सांगणार? म्हणून क्नूथ यांनी लेखकाच्या हाती एक खूण दिली. लाटेसारखे दिसणारे '~' हे चिन्ह दोन शब्दांमध्ये टाकले की टेक तेथे मोकळी जागा सोडते, इतर जागांप्रमाणे ती ताणतेही, पण ओळ तोडत नाही. आत घडते ते इतकेच की त्या जागेच्या आधी १०,००० दोषांक ठेवला जातो, आणि टेकच्या हिशेबात दहा हजार म्हणजे अनंत. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द टेकबुक'च्या चौदाव्या प्रकरणात ही खूण कोठे घालावी याची सविस्तर चर्चा आहे. प्रकरणाचा उल्लेख आणि त्याचा क्रमांक, व्यक्तीच्या नावाचे भाग, अशी उदाहरणे तेथे येतात. तर्कदृष्ट्या चूक नसलेली पण मनाला खटकणारी तोड टाळावी, हे त्यामागचे तत्त्व.

आमच्या कथेतील हे वळण सर्वांत महत्त्वाचे आहे. वाचकाकडून जुळाऱ्याकडे गेलेली जबाबदारी आता लेखकाकडे आली. जे ज्ञान आजवर बोटांत आणि नजरेत राहत होते, त्याला प्रथमच मजकुरात एक अक्षर मिळाले. आणि जे अक्षर झाले ते लिहिले गेले पाहिजे, जपले गेले पाहिजे. ते हरवूही शकते.

*

१९८७ साली आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या संकेतावलीत १६० हा क्रमांक अभंग जागेला दिला गेला, आणि १९९१ पासून युनिकोडनेही तोच कायम ठेवला. आता ती एका जुळणी-प्रणालीची खाजगी खूण उरली नाही, साऱ्या मजकुरांची सामाईक मालमत्ता झाली. फ्रेंच भाषेला तिची निकड विशेष होती. फ्रेंच छपाईत प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम यांच्या आधी बारीकशी जागा सोडण्याची रीत आहे. ती जागा साधी ठेवली तर एकटे प्रश्नचिन्ह पुढील ओळीच्या आरंभी येऊन पडते. युनिकोडमध्ये १९९९ साली आलेली अरुंद अभंग जागा मुळात मंगोल लिपीसाठी होती, शब्दाला प्रत्यय जोडताना मध्ये सोडण्याची. पुढे फ्रेंच मुद्रकांनाही ती उपयोगी पडली. चेक भाषेत एकेका अक्षराची शब्दयोगी अव्यये ओळीच्या शेवटी एकटी ठेवत नाहीत. तेथील टेक-अभ्यासक पेत्र ओल्शाक यांनी साध्या मजकुरात अशा प्रत्येक ठिकाणी '~' घालणारी एक आज्ञावलीच लिहिली आणि तिला 'व्ल्ना' म्हणजे 'लाट' असे नाव दिले. ज्या भाषेची रूढी नियमांत बसते, तिचे काम यंत्र करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण.

नामकरणाची गंमत पाहा. टेकमध्ये 'डिंक' म्हणजे जेथे ओळ तुटू शकते ती जागा. युनिकोडने ओळी तोडण्याचे नियम लिहिताना अक्षरांचे वर्ग पाडले, तेव्हा अभंग जागेच्या वर्गालाही 'डिंक' असेच नाव दिले. मात्र तेथे त्याचा अर्थ जेथे ओळ कदापि तुटणार नाही ती जागा. एकाच शब्दाचे दोन शेजारच्या घरांत उलटे अर्थ झाले. साध्या मजकुराचा जुळणीच्या पानाकडे होणारा प्रवास अवघड का, हे यावरून ध्यानात यावे.

त्यात महाजालाने आणखी एक घोळ केला. वेबपानात लागोपाठ टाकलेल्या कितीही साध्या जागा मिळून एकच दिसते. अभंग जागा मात्र अशा विरघळत नाहीत. हे ध्यानात येताच पाने रचणाऱ्यांनी परिच्छेदाचा आरंभ आत सरकवण्यासाठी, रकाने भरण्यासाठी, चित्राशेजारी अंतर ठेवण्यासाठी अभंग जागांच्या रांगा लावण्यास सुरुवात केली. जोडण्यासाठी जन्मलेले अक्षर भर घालण्याच्या कामाला जुंपले गेले. तेथून उचललेला मजकूर पुस्तकासाठी जुळणीला घेतला की दुहेरी पंचाईत होते. नको तेथे शब्द एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, ओळ तुटायला जागा मिळत नाही आणि ती समास ओलांडून बाहेर जाते. उलटपक्षी जेथे खरोखर बांधायला हवे होते, तेथे साधी जागा असते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत असल्याने नुसत्या नजरेने दोष सापडत नाही.

यावर सरधोपट उपाय म्हणजे सगळ्या अभंग जागा काढून साध्या टाकणे. युनिकोडमधील मजकूर एकसारखा करण्याची एक रीत हेच करते. क्रमांक १६० ला ती बिनदिक्कत ३२ करते. शोधाच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण एरवी साधी जागा घालून 'पु. ल.' शोधणाऱ्याला अभंग जागेने लिहिलेला 'पु. ल.' अनेक प्रणालींत सापडत नाही. पण जो मजकूर जपायचा आहे किंवा छापायचा आहे, त्यावर हाच प्रयोग करणे म्हणजे नको असलेल्या गाठींबरोबर हव्या असलेल्या गाठीही सोडून टाकणे.

याहून बरी वाट म्हणजे खूण ओळखून तिचे भाषांतर करणे. जॉन मॅकफार्लेन यांची २००६ साली आलेली पॅनडॉक ही प्रणाली साध्या मजकुरातून जुळणीयोग्य दस्तऐवज तयार करते. तिच्यात उलट्या तिरक्या रेघेपुढे जागा टाकली की ती अभंग समजली जाते, टेककडे जाताना तिची '~' होते, आणि इंग्रजीतील काही ठरावीक लघुरूपांनंतर अशी जागा घालण्याची सोयही ती देते. झीटेकसारखी २००४ नंतरची प्रणाली युनिकोड थेट वाचते. मात्र १६० क्रमांकाचे काय करायचे हे सांगितलेले नसेल, तर ती त्याला फाँटमधील एक चिन्ह समजते. मग ओळ तुटत नाही हे खरे, पण ती जागा ताणलीही जात नाही. इनडिझाइनमध्ये ताणली जाणारी आणि कायम रुंदीची अशा दोन अभंग जागा निरनिराळ्या आहेत. लायनोटाइपच्या पाचरीत असलेला भेद शंभर वर्षांनी असा पुन्हा उगवला.

*

आता आपल्या घरात येऊ. मराठीला अभंग जागा कोठे कोठे लागते? आद्याक्षरे, 'डॉ.', 'पृ.', 'इ. स. पू.', रकमा आणि मापे ही ठिकाणे वर आलीच. त्यांत दंडाची भर घातली पाहिजे. ओव्या-अभंगांच्या शेवटी आपण जागा सोडून '॥ १ ॥' असा क्रमांक छापतो. त्या जागा साध्या ठेवल्या तर चरण या ओळीत आणि एकटा दुहेरी दंड पुढल्या ओळीच्या आरंभी, अशी अवस्था होते. अभंगाच्या छपाईलाच अभंग जागा लागावी, हा योगायोग मोठा लोभस आहे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिण्याच्या रिवाजामुळे आपली काही ओझी मुळातच हलकी झाली आहेत. हिंदीत 'घर पर' लिहितात, तेथे ओळ मध्येच तुटू शकते. आपल्या 'घरावर'मध्ये तो प्रश्न उद्भवत नाही.

अंकलिपी किंवा व्याकरणाचे पुस्तक जुळवणाऱ्याला तिचा आणखी एक उपयोग ठाऊक असावा. वेलांटी, उकार, मात्रा यांना युनिकोडमध्ये आधाराला अक्षर लागते. ते नसेल तर बहुतेक ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. मात्रा एकटीच दाखवायची असेल तर तिच्याखाली अभंग जागा ठेवावी, अशी युनिकोडची शिफारस आहे. तेथे हे रिकामे अक्षर चक्क व्यंजनाच्या आसनावर बसते.

टेकची '~' देवनागरीत आली तेव्हा तिची थोडी ओढाताणही झाली. फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली टेकसाठी रचलेल्या देवनागरी व्यवस्थेत मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे, आणि त्यात 'ञ' लिहिण्यासाठी 'न'च्या रोमन अक्षराआधी हीच लाट वापरत. एकच खूण इंग्रजी परिच्छेदात शब्द बांधीत होती आणि देवनागरी परिच्छेदात अनुनासिक लिहीत होती.

परंतु मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न अभंग जागेच्या एका सख्ख्या बहिणीचा आहे. युनिकोडमध्ये ८२०५ क्रमांकावर एक जोडाक्षरी खूण आहे. ती दिसत नाही, तिला रुंदीही नाही. शेजारच्या अक्षरांनी कोणते रूप घ्यावे, एवढेच ती सांगते. मराठीत 'र'ची दोन रूपे अर्थभेद करतात. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो, 'आचाऱ्यांना' जेवणाची वर्दी द्यायची असते. यांतील आडवा, पापणीसारखा र लिहिण्याच्या दोन वाटा युनिकोडने मान्य केल्या आहेत. एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडणे, ही इस्की या भारतीय संकेतावलीतून आलेली वाट. दुसरी, साध्या 'र'ला हलन्त जोडून पुढे ८२०५ ची अदृश्य खूण ठेवणे. या दुसऱ्या वाटेने लिहिलेला मजकूर कोणी 'स्वच्छ' करावयास घेतला आणि न दिसणारी सर्व अक्षरे कचरा समजून झाडून टाकली, तर प्रत्येक 'दऱ्या' निमूटपणे 'दर्या' होते आणि साऱ्या आचाऱ्यांना आचार्यपद मिळते. यंत्राच्या लेखी काहीच बिघडलेले नसते, कारण दोन्ही शब्द शुद्धच असतात. हा धोका काल्पनिक नाही. महाजालावरील नावांसाठी २००३ साली ठरलेल्या पहिल्या नियमांत ही खूण सरसकट गाळली जात होती. २०१० साली आलेल्या सुधारित नियमांनी विशिष्ट संदर्भात तिला परवानगी दिली.

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. त्या प्रकरणात 'धरावे'चे 'मारावे' केले गेले, ही 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाच्या कानावरून जाते. ती खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांचा. तिच्यातील भीती मात्र खरी आहे. लेखातील एका अक्षराने घात होऊ शकतो, हे मराठी मनाने या कथेत साठवून ठेवले आहे. पण तेथे निदान कागदावर खाडाखोड शोधता येईल. आमच्या प्रस्तुत विषयातील अक्षर मुळातच दिसत नाही. ते गेले तर खाडाखोडही मागे राहत नाही.

*

या साऱ्यातून काय निष्पन्न होते? आमच्या मते पहिली गोष्ट ही की 'साधा मजकूर' म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, तो साधा नसतो. त्यात कोणीतरी घेतलेले निर्णय असतात, काही दिसणारे, काही न दिसणारे. दुसरी गोष्ट ही की हे निर्णय घेणारा जुळारी आता नाही. त्याच्या जागी लेखक, संपादक आणि आज्ञावली असे तिघे आहेत, आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटते की हे काम उरलेल्या दोघांपैकी कोणाचे तरी असावे. लेखक म्हणतो, छापणारा पाहून घेईल. छापणारा म्हणतो, आले तसे ओतले. आज्ञावली काहीच म्हणत नाही.

म्हणून जुना मराठी मजकूर संगणकावर आणणाऱ्यांनी आणि तेथून पुस्तक काढणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. मूळ प्रत जशी असेल तशी एक बाजूला राखून ठेवावी, स्वच्छता तिच्या नकलेवर करावी. काहीही गाळण्यापूर्वी अदृश्य अक्षरे दृश्य करून पाहावीत. बऱ्याच संपादन-प्रणालींत तशी सोय असते. अभंग जागांच्या लांबच लांब रांगा दिसल्या तर त्या भरतीच्या समजून काढाव्यात. आद्याक्षरांमागे, आकड्यापूर्वी, दंडाच्या शेजारी एखादी एकटी दिसली, तर ती कोणीतरी विचाराने ठेवली असेल असे मानून जपावी. जेथे ती हवी होती आणि नाही, तेथे नियम करून घालावी; आद्याक्षरे आणि लघुरूपे यांची यादी मराठीत काही अमर्याद नाही. आडवा र शक्यतो 'ऱ' या स्वतंत्र अक्षरानेच लिहावा, म्हणजे त्याचा जीव न दिसणाऱ्या खुणेवर टांगलेला राहणार नाही. आणि शोधासाठी मजकूर सपाट करायचा असेल तर तो शोधापुरताच करावा. ते सपाट रूप मूळ म्हणून जतन करू नये.

ही पथ्ये किरकोळ वाटतील. एका ओळीपुरती ती किरकोळ आहेतही. परंतु ज्या भाषेचा छापील वारसा सध्या झपाट्याने अंकीय रूपात जात आहे, तिथे एकदा सरसकट फिरवलेली केरसुणी हजारो पानांवरून फिरते, आणि पुढील प्रत्येक नक्कल त्या झाडलेल्या पानांवरूनच निघते. मोडी कागदांचे बाळबोधीकरण करणाऱ्या संपादकांच्या चुका आपण आजही दुरुस्त करू शकतो, कारण मूळ कागद दप्तरांत सुरक्षित आहेत. आपल्या पिढीने गाळलेली मोकळी जागा मात्र पुढच्या पिढीला कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. जे दिसत नव्हते ते नाहीसे झाले, हे तिला कळणार तरी कशावरून?